सोवळ्याची काठी

कालिंदीबाईंनी जिन्याच्या तोंडाशी काठी आडवी धरली, तसे गच्चीवरून उतरणारे पोलीस चौकीचे दरोगाजी अर्ध्या जिन्यातच थबकले. मागचे शिपाई एकमेकांच्या पाठीवर आपटले.

"उतरते हो तो उतरो," कालिंदीबाई म्हणाल्या, "पण पहले हात दिखाओ. क्या लेके आए?"

"अम्मा, रास्ता दीजिए."

"रस्ताच तर देते आहे. दर वेळी देते. हात दिखाओ."

रागावल्या की त्यांची हिंदी पाण्यात पडलेल्या बत्ताशासारखी विरघळे आणि खालून मराठी वर येई. दरोगाजींनी हात दाखवले नाहीत. हातात काही नव्हतंच. पलीकडच्या पडक्या धर्मशाळेत त्यांना सापडलं होतं ते एवढंच: जळक्या काड्या, सिगारेटच्या पाकिटातली चुरगळलेली चांदी आणि अर्धा प्यालेला चहाचा मातीचा कुल्हड. शिपायांतला एक जण म्हणाला, चहातून वाफ निघत होती.

"तुमच्यासाठीच ठेवला असेल," कालिंदीबाई म्हणाल्या. "पाहुणे यायचेत, निदान चहा तरी ठेवावा. पुड्या विकणारे असले तरी रीतभात आहे हो त्यांना. तुम्ही आमच्या गल्लीत इतक्यांदा आलात, कधी कुणाला पाणी तरी विचारलंत?"

एक शिपाई हसला. दरोगाजींनी मागे वळून पाहिलं, तसं त्याचं हसू वाळलं.

"किसी ने खबर कर दी, अम्मा."

"केलीच. प्रश्न एवढाच, की खाकीतल्या कुणी केली की बाहेरच्या कुणी."

त्यांनी काठी वर उचलली. माणसं उतरून जाईपर्यंत पदर अंगाशी ओढून, भिंतीला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या. कुणाचा कातडी पट्टा लागायला नको. माणसं गेली, तशी त्यांनी सुनेला हाक मारली, "लीले, जिना वरपासून खालपर्यंत धू. आणि सोवळं पुन्हा वर घाल. ऊन अजून आहे."

मंगला गौरीच्या देवळामागच्या त्या गल्लीत कालिंदीबाईंची गच्ची सगळ्यांत उंच. एका अंगाला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, गंगेतल्या नावा, पलीकडचं वाळवंट. दुसऱ्या अंगाला खाली, विहिरीत डोकावावं तसा, धर्मशाळेचा चौक. धर्मशाळा भावाभावांच्या भांडणात कुलपात पडली आणि कुलूप गंजून गळालं, तसे तिथे पुड्या विकणारा छोटकू आणि त्याची माणसं येऊन बसली. समोरच्या दाराने पोलीस आले की गल्लीच्या तोंडाशीच ते दिसत. मागचं एक ठेंगणं दार शेजारी राहणाऱ्या बकुळच्या खोलीत उघडे. तिसरी वाट कालिंदीबाईंच्या गच्चीवरून. कठडा ओलांडला की धर्मशाळेची गच्ची, तिथून जिना.

ही वाट त्यांनी स्वतःहून देऊ केली होती. कार्तिकात नवे दरोगाजी आले, दत्ताच्या देवळात सतरंजी घालून त्यांनी 'मोहल्ला समिती'ची पहिली सभा घेतली. पोलीस आणि लोक मिळून नशा हटवतील, असं काहीसं मागच्या फडक्यावर लिहिलं होतं. दुसरीपर्यंत शिकलेल्या कालिंदीबाई ते अक्षर अक्षर लावून वाचेपर्यंत दरोगाजींचं भाषण संपलंही होतं. "आप लोग नाम बताइए," ते म्हणाले होते, "नाम गुप्त रहेगा." सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले.

"नाम क्या पूछते हो?" कालिंदीबाई उठून म्हणाल्या होत्या. "तुमच्या चौकीशेजारच्या टपरीवर पान खातो तो. तुम्हाला सलाम करतो. माझ्या तर पाया पडतो मेला. समोरचा ढुंढिराज, अंगावर पीत होता तेव्हा त्याला वेखंड उगाळून मी चाटवलंय. श्रावणात तो पायरीला टेकून बसलेला सापडला. डोळे उघडे. माणसं त्याच्या शेजारून दर्शनाला जात होती. त्यांना वाटलं, पोरगा गंगा बघतोय. तेव्हा कुठे होती तुमची सतरंजी?"

आणि तिथेच, त्याच रागाच्या भरात, त्यांनी गच्ची देऊ केली. अट एकच. यायचं त्या दिवशी सकाळी कळवायचं. वर वलणीवर सोवळं असतं; पोलिसांचे बूट, पट्टे, कातडं. ते काढून घेतलं की मग खुशाल या. दरोगाजींनी हात जोडले होते. "जैसा आप कहें, अम्मा." साऱ्या गल्लीत कुणाच्या अटीवर पोलीस चालले नव्हते. कालिंदीबाईंच्या चालले. त्या दिवशी देवळातून घरी येताना त्यांची मान जरा जास्तच ताठ होती, असं लीलेने नवऱ्याला सांगितलं होतं.

सोवळं म्हणजे काय, तर मुलाचं, श्रीरामचं पूजेचं धोतर, उपरणं आणि कालिंदीबाईंचं नैवेद्याच्या स्वयंपाकाचं हळदी रंगाचं लुगडं. पहाटे धुऊन, ओलेत्याने, उंच बांबूच्या वलणीवर टाकायचं. कुणाचा हात लागू नये म्हणून वेळूच्या काठीने घालायचं आणि काठीनेच काढायचं. काठी सासूच्या हातातून त्यांच्या हातात आली होती. लग्न होऊन आलेल्या लीलेला ती हाती मिळायला तिच्या मुलाचं बारसं व्हावं लागलं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी समिती कालिंदीबाईंच्या ओसरीत बसली. दरोगाजी साध्या कपड्यांत आले होते. पायरीबाहेर बूट काढले होते, मोज्याला भोक होतं, ते एक पाऊल दुसऱ्याखाली झाकून बसले.

"छापे का पता किसको था?" ते म्हणाले. "मुझे. मेरे आदमियों को भी निकलते समय ही बताता हूं. आपको था, क्योंकि छत आपकी. और बकुल जी को, क्योंकि पीछे का दरवाजा उन्हें बंद रखना था."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बकुळ उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर बसली होती. ती नेहमी तिथेच बसे. शिंदे घाटावरच्या जुन्या कारभाऱ्यांच्या नात्यातली, आईबाप गेल्यावर भावाला घेऊन इथे खोली करून राहिलेली. दवाखान्यात लोकांचं रक्त काढून बाटल्यांत भरायची. कालिंदीबाई तिच्याशी वाईट वागत नसत. सणाला तिच्याकडे ताट जाई. पण ताट उंबऱ्याबाहेर.

"मी सांगू?" कालिंदीबाई म्हणाल्या. "ज्याच्या घरचं माणूस दुकानाचं गिऱ्हाईक, त्याच्याच हाती दुकानाची कडी दिलीत. मग काय व्हायचं?"

बकुळने वर पाहिलं.

"काकू, कुशल माझा भाऊ आहे. तो मरावा असं मला वाटतं का?"

"मरावा असं नाही वाटत. पण पुडी मिळाली नाही की तो लोळतो, भिंतीवर डोकं आपटतो, ते तुला बघवत नाही. म्हणून. दुकान बंद पडलं तर तुलाच रात्र काढता येणार नाही."

शेजारची वीणा हळूच म्हणाली, "काकू, जाऊ द्या."

"का जाऊ द्या? ढुंढी गेला, तेव्हा कुणी म्हटलं जाऊ द्या?"

बकुळ उठली. पायरीवरची धूळ तिने मागून झटकली, सावकाश, जणू त्या वेळात काय बोलायचं ते शोधत होती.

"त्याला लोळताना मी बघते, काकू," ती म्हणाली. "रोज बघते. तुमच्या देवघरात ऐकू येत नाही, एवढंच."

ती गेली. दरोगाजींनी खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं. "ठीक है," ते म्हणाले, "अगली बार से उनको नहीं बताएंगे."

संक्रांतीला लीलेने पदराआड डबा धरून मराठी घरं फिरून तिळगूळ वाटला. निघताना दाराशी घुटमळून तिने विचारलं, "बकुळकडे?"

"मला खोटं गोड बोलता येत नाही," कालिंदीबाई म्हणाल्या.

"तुम्हाला खरंही गोड बोलता येत नाही, आई," लीला पुटपुटली आणि त्यांनी मान वळवण्याआधी बाहेर पडली.

त्यानंतर आणखी एक छापा झाला. बकुळला कळवलं नव्हतं. कालिंदीबाईंनी शिपाई यायच्या जरा आधी काठीने सोवळं उतरवलं, आतल्या पडवीत टाकलं आणि तोंडात हरी घेऊन बसल्या. शिपाई वरून गेले, वरून आले. हात रिकामे.

संध्याकाळी त्या दर्शनाला निघाल्या, तर गल्लीच्या वळणावर छोटकू. तेल लावून मागे वळवलेले केस, गळ्यात तुळशीची माळ. वाकून त्यांच्या पायांशी हात नेला. त्या पाऊल मागे घेतील हे ठाऊक असल्यासारखा, बरोबर तेवढाच.

"पालागी, अम्मा. तबीयत ठीक?"

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? तुझं सांग. मजेत आहे ना धंदा?"

"सब आपकी कृपा है, अम्मा," छोटकू म्हणाला. हसला नाही. अगदी मनापासून म्हणावं तसं म्हणाला.

कालिंदीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवळात उभ्या राहिल्या तरी मंगला गौरीच्या मुखाकडे लक्ष लागेना. तोंड वर करून टवाळी करतो. आणि पोलीस काय करतात, तर लोकांच्या गच्चीवर हवा खायला येतात. आणि ती बकुळ! तिला सांगितलं नव्हतं तरी बातमी फुटली, म्हणजे खाकीतलंच कुणी असणार, हे त्यांना त्या क्षणी सुचलं. पण बकुळवरचा राग काही उतरला नाही. राग उतरायला तो आधी खाली ठेवावा लागतो, आणि कालिंदीबाईंना काही खाली ठेवायची सवय नव्हती.

* * *

माघ लागला होता. उन्हात पाठ शेकत त्या गच्चीवर मटार सोलत बसल्या होत्या. आसपासच्या गच्च्यांवर पतंग चालले होते. धर्मशाळेशेजारच्या माडीवर तर एक दांडगा बाप्या संक्रांत होऊन गेली तरी रोज पतंग घेऊन बसे. कामधंदा नाही मेल्याला, असं कालिंदीबाई रोज म्हणत.

कठड्यावर धपकन काही पडलं. लाल तोंडाचं माकड, मागोमाग दुसरं. पहिल्याने मटारांकडे पाहिलं, दुसऱ्याने वलणीकडे.

"हड! हड मेल्या!"

दुसऱ्याने लुगड्याचा काठ धरला न धरला तोच कालिंदीबाईंनी काठी फिरवली. माकडं दात विचकून पाण्याच्या टाकीवर गेली, पण तिथून हलेनात. कालिंदीबाईंनी घाईघाईने लुगडं, धोतर, उपरणं काठीवर घेतलं आणि जिन्यावरच्या छपराखाली नेलं. छपराच्या भिंतीला जाळी होती. तिथून त्या माकडांवर नजर ठेवून उभ्या राहिल्या.

माडीवरच्या बाप्याचा पतंग एकाएकी खाली आला. कटला नव्हता. त्याने सरसर ओढून घेतला आणि दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवली.

जाळीतून खाली चौक दिसत होता. तिथे कोंबड्यांत मांजर शिरावं तसं झालं. पाचसहा पोरं भिंतीकडेने पळाली. एकाने कापडी पिशवी बादलीत टाकली आणि बादली चौकातल्या विहिरीत सोडली. छोटकू ओट्यावर चहा पीत होता, त्याने कुल्हड खाली ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि कसली घाई नसल्यासारखा दाराबाहेर पडला. क्षणभराने चौक रिकामा. ओट्यावर कुल्हड. वाफ निघणारा.

कालिंदीबाई बूट वाजण्याची वाट बघत राहिल्या. जिन्याकडे पाहिलं. गल्लीकडे कान दिला. आज तर फोन नव्हता आला. कुणी आलं नाही. मटारांपर्यंत पोचलेलं माकड मूठ भरून गेलं, तरी त्यांनी हड म्हटलं नाही.

मग हे पळाले कुणाला भिऊन?

काठी हातातच होती. काठीवर हळदी रंगाचं लुगडं.

त्या बाहेर आल्या. लुगडं पुन्हा वलणीवर टाकलं, काठ सारखे केले, धोतर टाकलं, आणि छपराखाली येऊन जाळीशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने माडीवर पतंग चढला. पोरं परतली. विहिरीतून बादली वर आली. छोटकू चौकात आला, कपाळावर हाताची सावली धरून त्याने वर बघितलं. त्यांच्याकडे नाही, गच्चीकडेही नाही, त्याहून वर. वलणीकडे. मग ओट्यावर बसून गार झालेला चहा ओतून दिला.

कालिंदीबाईंनी पुन्हा एकदा लुगडं काढलं.

पुन्हा शीळ. पुन्हा बादली.

तिसऱ्यांदा त्यांनी काही घातलं नाही, काही काढलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, कुठे बसतोय ते न बघता, मटारांच्या सालींवरच.

"आई, मटार झाले का?" खालून लीलेने विचारलं.

"माकडांनी खाल्ले! सगळं माकडांनी खाल्लं! गल्लीत एक धड माणूस नाही आणि माकडं मात्र गब्बर!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की टाकीवरची माकडंसुद्धा उठून गेली.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नैवेद्याचा भात लागला. श्रीरामला उपरण्यावरून बोलणी बसली, वीणाला हळू बोलण्यावरून, लीलेला कशावरून ते तिलाही कळलं नाही. सब आपकी कृपा है, अम्मा. टवाळी नव्हतीच ती. मेला खरं बोलला होता. साऱ्या गल्लीत खरं बोललेला तो एकटा.

वलणीवर सोवळं रोज चढत होतं, उतरत होतं संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

* * *

फोन आला तो सकाळी, पूजा आटोपत असताना.

"अम्मा, आज. तीसरे पहर. ऊपर से कह दिया है, इस बार भी खाली लौटे तो समिति बंद." दरोगाजींचा आवाज उतरलेला होता. "कपड़े उतार लीजिएगा."

"ते माझं मी बघते," कालिंदीबाई म्हणाल्या. "विहिरीपाशी एक माणूस उभा करा. वरून उतरल्या उतरल्या. बादलीला हात लावू देऊ नका कुणाला."

"आपको कैसे..."

"म्हातारी आहे. गच्चीत बसते. डोळे आहेत."

फोन ठेवून त्या गल्लीत उतरल्या. बकुळचं दार इतक्या वर्षांत त्यांनी बाहेरूनच पाहिलं होतं. आज उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून त्यांनी पाऊल आत टाकलं. एक खोली. कोपऱ्यात गोधडीखाली कुशल, गुडघे हनुवटीला लावून, माघाच्या थंडीत घामाने भिजलेला. मागच्या भिंतीत ते ठेंगणं दार. बकुळ दवाखान्याचा पांढरा कोट घालून निघायच्या बेतात होती. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही.

"आज जाऊ नको," कालिंदीबाई म्हणाल्या. "ते मागचं दार लाव. कडी घाल. खाट ओढून लाव त्याला. तिसरा प्रहर उलटेपर्यंत कुणी कितीही ठोकलं तरी उघडायचं नाही."

"मला कशाला सांगताय?" बकुळ म्हणाली. "जाऊन सांगेन ना त्यांना. फितूर आहे ना मी?"

"नाहीस."

"कुणी सांगितलं?"

कालिंदीबाईंनी कुशलकडे बघितलं. त्याचे दात वाजत होते. देवघरात खरंच ऐकू आलं नसतं.

"कुणी नाही सांगितलं. कळलं."

"चारचौघांत बोलला होतात, काकू."

"बोलले होते." त्यांनी पदराने ओठ पुसले. "आत्ता चारचौघं नाहीत इथे. त्यांनाही बोलावीन. आधी कडी घाल."

बकुळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग पिशवी खाली ठेवून तिने खाटेचा एक पाय धरला. कालिंदीबाईंनी न सांगता दुसरा धरला. गोधडीतून कुशल म्हणाला, "दीदी, कौन है?" दोघींनी खाट दाराला टेकवली.

दुपार कलली, तशी लीला काठी घेऊन जिन्याकडे निघाली.

"कुठे निघालीस?"

"सोवळं काढायला. दरोगाजी यायचेत ना?"

"राहू दे."

"आई, बूट असतात त्यांचे. पट्टे..."

"राहू दे म्हटलं ना! बहिरी झालीस का?"

लीला काठी धरून तशीच उभी राहिली. कालिंदीबाईंनी ती तिच्या हातातून घेतली, कोपऱ्यात टेकवली आणि ओसरीत, पाटावर, जपाची माळ घेऊन बसल्या. माळ हातात होती, मणी पुढे सरकत नव्हते.

शिपाई आले, वर गेले. मग डोक्यावर बूट वाजले. बांबू कशावर तरी आपटला. ओरडा झाला, शिव्या झाल्या, कुणीतरी धावलं, आणि भिंतीपलीकडून, बकुळच्या खोलीच्या बाजूने, दारावर लाथा बसल्याचा आवाज आला. एक. मग पाठोपाठ. दार कुरकुरलं. कालिंदीबाईंनी मूठ आवळली, तशी माळेचा दोरा बोटात रुतला.

दार उघडलं नाही.

ओसरीसमोरून माणसं नेली, तेव्हा गल्ली दारांत, खिडक्यांत येऊन उभी राहिली होती. पुढे पतंगवाला बाप्या, मग एक ओळखीचं नसलेलं पोरगं, मागे छोटकू. त्याचे केस पहिल्यांदाच कपाळावर आले होते. शिपायाच्या हातात ओली बादली. ओसरीशी येताना छोटकूने मान वर केली. गच्चीच्या टोकाशी हळदी रंगाचं लुगडं, एका टोकाने वलणीला अडकलेलं, वाऱ्यावर हलत होतं. तो त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने कालिंदीबाईंकडे पाहिलं.

"काय रे?" त्या म्हणाल्या. "आज पालागी नाही?"

दरोगाजी मागून आले. चेहरा फुलला होता. "अम्मा, आज मुखबिर चूक गया उनका!"

"चुकला खबऱ्या."

"कौन है, कुछ अंदाज?"

"अंदाज कशाला, ओळखते मी. त्याचं काय करायचं ते मी बघून घेईन."

"अरे, तो नाम बताइए!"

"नाम गुप्त रहेगा, म्हणाला होतात ना?"

दरोगाजी हसायला लागले, पण त्या हसत नव्हत्या हे पाहून थांबले.

"और सुनो," कालिंदीबाई म्हणाल्या. "नाचू नका. ही तीन जणं विकणारी. ह्यांना पुड्या आणून देतो तो कुठल्या टपरीवर पान खातो? तिथे कुणाची गच्ची लागेल, ती मागायला कधी जाताय?"

दरोगाजींनी पट्टा सारखा केला आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "देखते हैं, अम्मा."

"बघाच."

हळूहळू ओसरी भरली. वीणा आली, ढुंढिराजची आई आली आणि खांबाला टेकून बसली. श्रीराम पाठशाळेतून धापा टाकत आला. लीला वर जाऊन बघून आली होती. सासूच्या कानाशी लागून, जणू सुतकाची बातमी सांगावी तशी म्हणाली, "आई, धोतर खाली पडलंय. लुगड्यावर बुटाचा ठसा आहे."

कालिंदीबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या दाराकडे बघत होत्या. बकुळ येऊन उंबऱ्याबाहेर, आपल्या जागी, पायरीवर उभी होती. तिच्या तळहातात खाटेचं कुसळ गेलं होतं, ते दाताने काढत होती.

"बकुळ," कालिंदीबाईंनी हाक मारली. ओसरीतलं बोलणं थांबलं. "वर जा. वलणीवरचं सोवळं काढून आण."

वीणाने लीलेकडे पाहिलं. श्रीरामने घसा साफ केला. "आई, अगं, ती..."

"ती काय?"

श्रीराम मागे सरकला.

"काकू, माझी आंघोळ नाही," बकुळ म्हणाली. "सकाळपासून त्याचं सगळं करतेय. उलट्या काढल्यात. मी ओवळी आहे."

"विचारलं का मी?"

बकुळने चपला काढल्या. उंबरा ओलांडला, सगळ्यांच्या मधून, कुणाला धक्का न लावता जिन्यापर्यंत आली आणि कोपऱ्यातल्या काठीकडे हात नेला.

"काठी कशाला?" कालिंदीबाई म्हणाल्या. आवाजात राग होता, नेहमीसारखाच. "हातानं काढ."